कोर्ट स्टेनोचा क्लास: कराडच्या बाई, पुण्याची बॅच आणि यूट्यूब

कोर्टात स्टेनो व्हायचंय म्हणून शॉर्टहँडचा, म्हणजे बोललेलं रेघांच्या खुणांत झटपट उतरवण्याचा, क्लास शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी दोन क्लास केले. एक कराडमधली जुनी टायपिंग इन्स्टिट्यूट, दुसरा पुण्यातला ‘कोर्ट भरती स्पेशल’ बॅचवाला. जोडीला यूट्यूबवरची डिक्टेशनं होतीच. सध्या एका तालुका कोर्टात लघुलेखक (स्टेनो) श्रेणी-३ आहे, त्यामुळे क्लासात शिकलेलं किती कामाला येतं आणि किती वहीतच राहतं हे रोज दिसतं. क्लासची नावं देणार नाही. कराडला शिकवणाऱ्या बाईंना जाहिरात नकोय, आणि पुण्याच्या सरांची जाहिरात मी कशाला करू?

कोर्टात कारणं आधी येतात आणि आदेश शेवटी. इथे उलटं करते. स्पीड कुठेही मिळतो, अगदी फुकटसुद्धा. पण घेतलेलं डिक्टेशन तुमच्याकडून वाचून घ्यायचं, टाइप करून घ्यायचं आणि ओळ न् ओळ तपासायची, हे फार थोड्या ठिकाणी होतं. ज्या क्लासात तुमच्या ट्रान्सक्रिप्शनवर, म्हणजे नोट्सवरून टाइप केलेल्या मजकुरावर, लाल पेन फिरतं तिथे पैसे टाका. एसी, अ‍ॅप, टेस्ट सिरीज, निवड झालेल्यांचे फ्लेक्स, याकडे बघू नका.

अगदी नव्यांसाठी आधी थोडक्यात. जिल्हा न्यायालयांत लघुलेखक श्रेणी-३ साठी पदवी लागते. इंग्रजी शॉर्टहँड मिनिटाला १०० शब्द, मराठी ८०, टायपिंग इंग्रजी ४० आणि मराठी ३०. वर एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणकाचं सर्टिफिकेट. शॉर्टहँड-टायपिंगच्या सरकारमान्य परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची जाहिरात काढली होती. त्यात स्टेनो, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशी तिन्ही पदं होती. लिपिकाचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं, स्टेनोचं ३८,६०० पासून. हा फरक कळला की घरचे एका दिवसात फी भरायला तयार होतात.

मेख कुठे आहे ते मात्र क्लासवाले सांगत नाहीत. दोन्ही भाषांचं शॉर्टहँड लागतं, आणि क्लास चालतात ते इंग्रजीवर. १९९८ च्या अधिसूचनेनंतर खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीत, बरेच आदेश मराठीत, अर्ज-पुरसीस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) मराठीत. इंग्रजीचं शंभर काढून बसलेली कितीतरी मुलं मराठीच्या ऐंशीपाशी अडकून आहेत. फॉर्म भरायची वेळ आली की मग धावाधाव.

आता कराड.

इन्स्टिट्यूट म्हणजे एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एकीत संगणक, दुसरीत लांब बाकडी. कोपऱ्यात जुनी रेमिंग्टन मशीनं प्लास्टिकची कव्हरं घालून ठेवलीत. मशीनवरच्या परीक्षा बंद होऊन संगणक टंकलेखन आलं तरी बाईंनी ती भंगारात घातली नाहीत. मी आधी वकिलांकडे टायपिस्ट होते. दावे, कैफियती, शपथपत्रं टाइप करायचे, त्यामुळे टायपिंगची काळजी नव्हती. शॉर्टहँडचा श्रीगणेशा मात्र इथेच झाला. फी महिना नऊशे, आणि महिना संपल्यावर द्यायची. हे मुद्दाम लिहितेय, पुढे कळेल का ते.

शिकवतात पिटमन. आयझॅक पिटमनने १८३७ मध्ये काढलेली, आवाजावर चालणारी पद्धत. स्पेलिंग विसरायचं आणि कानावर पडेल ते रेघेत मांडायचं. पी आणि बीची रेघ एकच. पीची हलक्या हाताने, बीची दाबून. टी आणि डीचं तसंच, के आणि जीचं तसंच. रेघ अर्धी केली की तिला टी नाहीतर डी चिकटला. शब्द ओळीच्या वर घेतला, ओळीवर घेतला की ओळ छेदून घेतला यावरून त्यातला स्वर ओळखायचा. म्हणून स्पीडमध्ये स्वरांची टिंबं आणि डॅश गाळता येतात. लिहिताना या गाळण्याचा आनंद होतो. वाचताना त्याच गाळलेल्या स्वरांनी घाम फुटतो.

बॉलपेन बाई वहीला लावू देत नाहीत, कारण त्याने जाड-बारीक होत नाही. मऊ शिशाची पेन्सिल, दोन्ही टोकांनी तासलेली. डिक्टेशन चालू असताना एक टोक मोडलं की पेन्सिल उलटी करायची आणि पुढे जायचं. वहीचं पान अर्ध्यावर आलं की डाव्या हाताने त्याचा कोपरा उचलून ठेवायचा, म्हणजे शेवटच्या ओळीला पान झटक्यात उलटतं. या गोष्टी पुस्तकात शोधून सापडणार नाहीत, आणि पुण्यात तर त्या कुणी सांगितल्याच नाहीत. तिथे मी पेन्सिल उलटी केली तेव्हा शेजारची मुलगी बघत राहिली.

सुरुवातीचे महिने नुसत्या रेघा. रेघा, आकडे (हूक), वर्तुळं, पुन्हा रेघा. इथेच खूप मुलं गळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पदवी झालेल्या माणसाला पहिलीच्या मुलासारखं पाटीवर गिरवायला बसवलं की चिडचिड होणारच. बाई त्यावर काही उपाय करत नाहीत. गोडीगुलाबी नाही, ‘छान छान’ नाही. जायचं त्याने जावं, असा त्यांचा खाक्या. हा मी इन्स्टिट्यूटचा उणेपणा धरते. थोडं समजावून सांगितलं असतं तर दोन-तीन हुशार पोरं टिकली असती.

साठचा स्पीड झाल्यावर खरा क्लास सुरू होतो. बाई घड्याळ समोर ठेवून स्वतः डिक्टेशन देतात, रेकॉर्डिंग नाही. आणि ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्या मुद्दाम न्यायाधीशासारखं सांगायला लागतात. वाक्य अर्ध्यात सोडतात. खोकतात. ‘ते काढा.’ ‘नको, राहू दे तसंच.’ ‘हा मजकूर वरच्या पॅरात घ्या.’ मधेच चहावाल्याला पैसे देतात आणि जिथे सोडलं होतं तिथून, मागचं वाक्य पुन्हा न सांगता धाडकन सुरू करतात. आम्ही वैतागायचो. कुणी म्हणालंच, ‘बाई, परीक्षेत असं नसतं,’ तर उत्तर ठरलेलं, ‘परीक्षा एक दिवस आहे. नोकरी अठ्ठावन्नपर्यंत आहे.’ कोर्टात बसल्यावर पहिल्याच निकालपत्राला कळलं की बाईंनी काही वाढवून केलेलं नव्हतं. न्यायाधीश समोर कागदपत्रं चाळत, निशाणी (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) शोधत, विचार करत सांगतात. दोन मिनिटं शांतता, मग एका दमात सात ओळी. सरासरी काढली तर मिनिटाला साठसुद्धा भरणार नाही, पण त्या सात ओळी सव्वाशेने येतात.

त्यांचा एक उतारा मला अजून पाठ आहे. उलटतपासाचा होता:

‘हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी अंधार होता. हे म्हणणे खरे नाही की, अंधारामुळे मी आरोपीस ओळखू शकलो नाही. आरोपीच्या हातात काठी होती असे मी पोलिसांना सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’

कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ही वाक्यं ओळखीची वाटतील. शब्द सोपे आहेत, ऐंशीने आरामात घेता येतात. पण यात पाच ‘नाही’ आहेत. दुसऱ्या वाक्यातल्या पहिल्या ‘नाही’चं वाचताना ‘आहे’ झालं, की साक्षीदाराने आरोपीला ओळखलंच नव्हतं असं कबूल केल्यासारखं होतं. इंग्रजीतही तीच गत. ‘दे आर’च्या रेघेला एक बारीक आकडा काढून ती अर्धी केली की ‘दे आर नॉट’ होतं. आकडा पुसट आला, रेघ थोडी लांबली, की ‘नॉट’ गेला. बाई स्पेलिंगची चूक अर्धी धरायच्या, सुटलेला शब्द एक धरायच्या, आणि ‘नाही’ सुटला तर अख्खं पान पुन्हा. लाल पेन घेऊन बसायच्या, आपल्याच आऊटलाइनवर (शब्दासाठी काढलेल्या रेघेवर) बोट ठेवायच्या आणि ‘काय लिहिलंयस, वाच’ म्हणायच्या. आपलं आपल्याला वाचता येत नाही ही शरम फार उपयोगी पडते.

दुसरी त्यांची सवय म्हणजे शिळ्या नोट्स. सोमवारी घेतलेलं डिक्टेशन शनिवारी वाचायला लावायचं. डिक्टेशन झाल्या झाल्या टाइप केलं तर निम्मं आठवणीतून उतरतं, नोट्स नुसत्या आधाराला. पाच दिवसांनी आठवण गेलेली असते, उरतात फक्त रेघा. तेव्हा कळतं की ‘प्रॉसिक्यूशन’ आणि ‘पर्सिक्यूशन’ला पिटमनमध्ये वेगवेगळ्या आऊटलाइन का ठरवून दिल्यात, आणि घाईत आपण दोन्ही सारखंच कसं काढतो. कोर्टात हे रोजचं आहे. लांबलचक निकालपत्र दोन दिवस तुकड्या-तुकड्याने सांगितलं जातं, मधे जामिनाचे अर्ज येतात, तातडीचा मनाई हुकूम येतो, आणि पहिल्या दिवशीच्या नोट्सकडे वळायला आठवडा उलटतो.

उणी बाजूही सांगते. बाईंचे उतारे जुनाट आहेत. जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्या. कलमांचे आकडे बदलले: खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली, आरोपीचा ‘३१३ चा जबाब’ आता ३५१ चा. बाईंच्या फायलीत अजून सगळं जुन्या कलमांवर चालतं. जुने खटले जुन्याच कायद्याने चालू आहेत म्हणून ते अगदीच वाया जात नाही, पण नवी कलमं कानाला सवयीची नसली की डिक्टेशनमध्ये आकडा ऐकू येऊनही हात थबकतो. शिवाय एकच आवाज. वर्षभर बाईंचाच आवाज ऐकून दुसऱ्याचं डिक्टेशन घ्यायला बसलं की पहिली दोन मिनिटं हरवल्यासारखी जातात. आणि लाईट गेली की टायपिंग बंद, इन्व्हर्टर नाही.

हा एका आवाजाचा तोटा भरून काढायला म्हणून मी पुण्याला गेले.

पुण्याचा क्लास दिसायला झकास. मोठा हॉल, साठ-सत्तर मुलं, भिंतीवर फोटोच फोटो. त्यातला एक फोटो मी दुसऱ्याही एका क्लासच्या फ्लेक्सवर पाहिला. मुलगा एक, यश दोन क्लासचं. फी एकरकमी अठरा हजार, परत मिळणार नाही असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात. टेस्ट सिरीजचे पैसे वेगळे, हे पंधरा दिवसांनी कळलं. डिक्टेशन स्पीकरवर, रेकॉर्ड केलेलं. सर स्टेजवर उभे राहून घड्याळ बघतात आणि मधून मधून ‘हात थांबवायचा नाही’ म्हणतात.

तपासणी अशी: ट्रान्सक्रिप्शन झालं की मूळ उताऱ्याची झेरॉक्स वाटायची आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचं तपासायचं. शेजारी भला माणूस असतो. तो चार-पाच चुका सोडून देतो, आपणही त्याच्या सोडून देतो, आणि दोघांचेही मार्क फळ्यावर छान दिसतात. सर एकदाही माझ्या नोट्सकडे बघायला आले नाहीत. विचारलं तर ‘अ‍ॅपवर अपलोड करा, टीम चेक करेल.’ टीमने टाइप केलेलं तपासलं, रेघा कुणीच पाहिल्या नाहीत. चूक टायपिंगमध्ये दिसते खरी, पण ती जन्मते रेघेत.

तरी पैसे पूर्ण पाण्यात गेले असं म्हणणार नाही. दोन गोष्टी तिथे मिळाल्या. एक म्हणजे दम. शंभरच्या स्पीडने सलग दहा मिनिटं म्हणजे हजार शब्द. सातव्या मिनिटाला मनगट भरून येतं आणि डोकं दुसरीकडेच जातं. केंद्राच्या स्टेनो परीक्षेत श्रेणी ‘क’ला दहा मिनिटांच्या शंभरच्या इंग्रजी डिक्टेशननंतर टाइप करायला चाळीस मिनिटं मिळतात, मिनिटाला चाळीसने टाइप केलं तर पंचवीस मिनिटं नुसती बोटांची, उरलेली पंधरा नोट्सवर डोकं खाजवायला. पुण्यात हे गणित रोज, घड्याळ लावून, हॉलभर मुलांच्या खडखडाटात करून घेतात. घरी एकट्याने ते होत नाही. दुसरी गोष्ट, कायद्याच्या इंग्रजीतल्या जोडरेघांची त्यांची शीट. ‘लर्नेड काउन्सेल फॉर द अ‍ॅपेलंट’, ‘बियाँड रीझनेबल डाउट’, ‘इन व्ह्यू ऑफ द अबाव्ह डिस्कशन’ असले तुकडे हात न उचलता एका झटक्यात घ्यायचे. शीट चांगली आहे. मी अजून वापरते.

मराठीबद्दल मात्र तिथे अंधार. मराठीची बॅच आठवड्यातून दोनदा, शिकवायला वेगळ्या मॅडम, आणि त्या अर्ध्या वेळा यायच्याच नाहीत. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा तर सगळा जोर ‘हायकोर्ट स्पेशल’वर गेला. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे तिथे जायचं असेल तर ठीक. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या मुलांना कोल्हापूर जवळ पडतं, हेही खरं. पण तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार ‘बांधाला बांध लागून आमचं रान’ म्हणतो तेव्हा हायकोर्ट स्पेशल बॅच काय कामाची?

यूट्यूब आणि टेलिग्रामबद्दल फार लिहायला नको. साठपासून एकशे चाळीसपर्यंतची डिक्टेशनं फुकट मिळतात, वेगवेगळ्या आवाजांत मिळतात, आणि बाईंच्या एका आवाजावर तोच उपाय आहे. सकाळी स्वयंपाक करताना कानात लावून नुसत्या मनात आऊटलाइन काढायची सवय मला त्यानेच लागली. मात्र एकाच्या सव्वापट वेगाने ऐकायचा सोपा मार्ग धरू नका. श्वासाच्या जागा विचित्र होतात, आणि खरा माणूस त्या लयीत कधीच बोलत नाही. अमेरिकन कोर्ट रिपोर्टरचे व्हिडिओही समोर येतील. ते बघून हरखून जाऊ नका. त्यांचं बावीस बटणांचं यंत्र असतं, दोन्ही हातांनी एकदम दाबून अख्खं अक्षर उमटवतात, आणि तिथल्या आरपीआर (रजिस्टर्ड प्रोफेशनल रिपोर्टर) परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २२५ शब्दांचा आहे. तिथे वकिलाचा प्रत्येक प्रश्न आणि साक्षीदाराचं प्रत्येक ‘हो’ जसंच्या तसं उतरवायचं असतं. आपल्याकडे प्रश्न सहसा लिहीतच नाहीत. न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य बनवून सांगतात, वर दिलेल्या उताऱ्यासारखं. दोन कामांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही, त्यामुळे ती यंत्रं ऑनलाइन शोधण्यात रात्र घालवायचं कारण नाही.

आता दोन्ही क्लासांनी जे अजिबात शिकवलं नाही ते.

मी बसते त्या कोर्टात साक्ष शॉर्टहँडमध्ये घेतच नाहीत. न्यायाधीश सांगतात, मी थेट संगणकावर टाइप करते, आणि दोन्ही बाजूंचे वकील स्क्रीनकडे डोळे लावून बसलेले असतात. एक शब्द चुकला की ‘साहेब, असं म्हणाला नाही तो’ म्हणून दोघं एकदम उठतात. म्हणजे ऐकता ऐकता टाइप करायचं, आणि तेही मराठीत. टायपिंगच्या परीक्षेत समोर छापील कागद असतो. कानावरून टाइप करणं ही वेगळीच कसरत आहे. शॉर्टहँड लागतं ते निकालपत्रांना आणि आदेशांना. क्लासात रोज पंधरा मिनिटं कानावरून मराठी टायपिंग ठेवलं तर मुलांचे नोकरीतले पहिले सहा महिने सुखाचे जातील. बाईंना मी हे सांगून आले आहे. ‘बघू’ म्हणाल्या.

शिवाय संगणक. क्लासात विंडोज आणि वर्ड. कोर्टात ई-कोर्ट्स या संगणकीकरणाच्या प्रकल्पातून आलेल्या मशीनवर उबुंटू आणि लिबरऑफिस. अवघड काहीच नाही, पण पहिल्या दिवशी साहेब डिक्टेशन द्यायला बसलेत आणि आपण फाईल कुठे सेव्ह झाली ते शोधतोय, ही वेळ टाळता येते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून घ्या, फुकट आहे. मराठी फॉन्टचंही आधीच बघून ठेवा. कृतिदेव या जुन्या फॉन्टवर बोटं पक्की झालेल्यांना युनिकोड हातात घेतल्यावर जोडाक्षरांशी नव्याने भांडावं लागतं. कीबोर्ड लेआऊट रेमिंग्टनच ठेवता आला तर निम्मं भांडण मिटतं.

आणि शब्द. सरतपास, उलटतपास, फेरतपास, निशाणी, पुरसीस, दरखास्त, हुकूमनामा, मुद्देमाल, रोजनामा, तहकूब. वकिलांकडे काम केल्यामुळे मला हे नवं नव्हतं. बी.एस्सी. करून थेट आलेल्या मुलांचा हात ‘दरखास्त’पाशी थांबतो, कारण तो शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नसतो, आणि न ऐकलेल्या शब्दाची आऊटलाइन सुचत नाही. यावर सोपा उपाय आहे. जवळच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. खुल्या कोर्टात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. मोबाईल तेवढा बंद ठेवा. दिवाणी कोर्टात एक सकाळ काढलीत तर पुण्यातल्या एका महिन्याइतका शब्दसाठा मिळेल, विनामूल्य.

हल्ली प्रत्येक जण विचारतो, एआय आल्यावर या नोकरीचं काय? प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठापुढच्या सुनावणीचं एआयने लेखी रूपांतर पहिल्यांदा २१ फेब्रुवारी २०२३ ला सुरू केलं, आणि ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचं होतं. केरळात १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा न्यायालयांत साक्षी नोंदवायला असं साधन सक्तीचं झालं. तेव्हा ‘आपल्याकडे कधीच येणार नाही’ असं म्हणणाऱ्या क्लासवाल्यावर विश्वास ठेवू नका. पण घटनापीठापुढे माईक लावून इंग्रजी बोलणारे ज्येष्ठ वकील वेगळे, आणि वर पंखा घरघरतोय, बाहेर पुकारा चाललाय, साक्षीदार आजी तोंडात तंबाखू धरून बोलतायत, दोन वकील एकदम हरकत घेतायत, हे वेगळं. शिवाय आजींचं बोलणं जसंच्या तसं नोंदवायचं नसतंच. न्यायाधीश त्यातून जे वाक्य बनवतात ते नोंदवायचं असतं. पुढेमागे यंत्र मजकूर देईल आणि स्टेनो तो तपासेल, असं मला वाटतं. तेव्हाही कामाला येईल ते लाल पेनच, आणि म्हणूनच पुन्हा सांगते, तपासून घेणारा क्लास धरा.

मार्क द्यायचे तर कराडला पाचपैकी चार. एक कापला तो जुन्या उताऱ्यांसाठी आणि बाईंच्या स्वभावासाठी. पुण्याला दोन, एक दहा मिनिटांच्या दमाचा, एक त्या शीटचा. परीक्षा तोंडावर आली असेल आणि शंभर आधीच होत असेल, तर पुण्यासारख्या ठिकाणी महिना-दोन महिने काढायला हरकत नाही. रेघा पहिल्यापासून शिकायच्या असतील तर चुकूनही तिथे जाऊ नका. दीड-दोन वर्षं धरून चाला. ‘सहा महिन्यांत शंभर’ ही पाटी दिसली की पुढचं दार ठोठवा.

क्लास बघायला जाल तेव्हा शिकवणाऱ्याशी नंतर बोला, आधी कुणा जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही मागा. टाइप केलेले कागद नकोत, शॉर्टहँडची वही. तिच्यात रेघांवर खुणा दिसल्या तर बसा. ‘वह्या घरी आहेत’ असं उत्तर आलं तर समजून घ्या. एक डिक्टेशन फुकट बसू देतात का तेही विचारा. बाई बसू देतात, पुण्यात आधी फॉर्म भरा म्हणाले होते. फी महिन्याच्या महिन्याला घेत असतील तरच हो म्हणा. आणि मराठीची बॅच किती वाजता असते हे त्याच वेळी पक्कं करून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी ती भर दुपारी ठेवलेली असते आणि नोकरी करून शिकणाऱ्याला ती जमत नाही.